मेंदूच्या माथी खापर फोडू नकोस

"मॅडम, माझा मेंदूच तसा आहे."

छान. तसा म्हणजे कसा? आणि तू त्याच्यापासून वेगळा कुठे राहतोस?

जर्नल अपुरं राहिलं, तर डोपामाइन. सकाळचं प्रॅक्टिकल बुडलं, तर 'मी रात्रीचा प्राणी आहे'. घरी खेकसलास, तर 'आमच्या घराण्यातच राग आहे'. सेमिस्टरचा अभ्यास आदल्या रात्रीवर ढकललास, तर 'पंचविशीपर्यंत प्रीफ्रंटल कॉर्टेक्सची वाढ पुरी होत नाही, मॅडम, तुम्हीच शिकवलंत'. हो, मीच शिकवलं. मज्जासंस्थेचं प्रकरण मीच घेतलं. आणि तोंडी परीक्षेत सिनॅप्सचं काम तुझ्याइतकं नेमकं वर्गात कुणी सांगितलं नव्हतं, हेही मला आठवतं. म्हणून तर डोकं फिरतं. ज्याला येत नाही त्याच्यावर मी ओरडत नाही, त्याला पुन्हा शिकवते. तुला येतं. आणि जे येतं ते सगळं तू एकाच कामाला जुंपलंस: काम टाळायला.

पूर्वीची पोरं सांगायची, लाइट गेले होते, पाहुणे आले होते, आजी वारली. एकाच आजीला दोन वर्षांत तीनदा मारणारे बहाद्दर मी पाहिलेत. पण आपण थाप मारतोय, एवढं त्यांना ठाऊक असायचं. नजर खाली जायची. तुझी नजर खाली जात नाही. तू थाप मारतोस, तिला विज्ञान म्हणतोस आणि वर स्वतःच तिच्यावर विश्वास ठेवतोस. वेड पांघरून पेडगावला जाणाऱ्याला निदान पेडगाव कुठे आहे ते माहीत असतं. तू रस्त्यातच झोपलास.

आधी एक हिशेब कर. पहिल्या वर्षी चांगले मार्क पडले, तेव्हा पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आला होतास. काय म्हणालास? "मॅडम, खूप मेहनत घेतली." हिप्पोकॅम्पसने घेतली, असं नाही म्हणालास. आजोबांच्या जनुकांचे आभार नाही मानलेस. पेढ्यांच्या दिवशी 'मी', आणि केटी लागली की 'मेंदू'. ही कुठली आनुवंशिकता? फक्त तोट्याच्या बाजूला चालणारी?

बरं, जनुकांचंच बोलू. स्वभावात आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे मी कधी नाकारलं? २०१५ साली जुळ्यांवरच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. सुमारे १ कोटी ४५ लाख जोड्या, हजारो गुणधर्म. आनुवंशिकतेची सरासरी निघाली ४९ टक्के. तू तेवढा आकडा उचललास आणि मोकळा झालास: "म्हणजे माझा अर्धा राग जनुकांचा." हे पेपरात लिहिलंस तर शून्य देईन. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग त्यांच्या जनुकांतल्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो आकडा सांगतो. तो गर्दीबद्दल बोलतो. एकट्या तुझा राग मधोमध कापून हा आजोबांचा, हा माझा, अशी वाटणी तो करून देत नाही. तुला हे ठाऊक आहे. उदाहरणासकट पाठ आहे. मग कट्ट्यावर बसून उलटं का सांगतोस?

हॉलंडमधलं ते घराणंही तू मला सुनावलंस. खरं आहे ते. १९९३ साली त्या घराण्यातल्या काही पुरुषांत एमएओए नावाचं जनुक साफ निकामी असल्याचं आढळलं आणि त्यांच्या भडकण्याशी त्याचा संबंध जोडला गेला. पण तो बिघाड अतिशय दुर्मीळ आहे. तुझी तपासणी कुठे झाली? कोणत्या प्रयोगशाळेत? रिपोर्ट दाखव.

नाही ना? मग दुसरं सांग. विभागप्रमुखांनी तुला सगळ्यांसमोर झापलं, तेव्हा हा खानदानी राग कुठे होता? मान खाली घालून 'सॉरी सर' म्हणालास. आवाजसुद्धा चढला नाही. आणि त्याच संध्याकाळी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून आईपुढे ताट सरकवलंस. तुझी आई मला बाजारात भेटते, विसरू नकोस. तिने तक्रार केली नाही. 'त्याला हल्ली अभ्यासाचा ताण आहे' म्हणाली. तीही तुझ्यासाठी सबबी शोधायला लागली आहे, बघ. आता सांग, जनुकाला माणसं ओळखता येतात का रे? इंटर्नलचे मार्क कुणाच्या हातात आहेत, हे बघून जनुक गप्प बसतं? समोरचा ऐकून घेईल, याची खात्री पटली की मगच भडकतं? जो राग माणूस बघून येतो, तो आवरताही येतो. तू दिवसभर आवरतोसच. फक्त घरी आवरायची तुला गरज वाटत नाही.

आता शंभर टक्के आनुवंशिक अशी एक गोष्ट ऐक. नॉर्वे, १९३४. एका बाईच्या दोन मुलांची बौद्धिक वाढ खुंटलेली. लघवीला चमत्कारिक कुबट वास. डॉक्टरांमागून डॉक्टर झाले, कुणाला काही उमगेना. ती बाई हात जोडून घरी बसली नाही. शेवटी आस्ब्योर्न फोलिंग या डॉक्टरांनी त्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं आणि ती हिरवी झाली. तिथून शोध लागला. फिनाइलअ‍ॅलनिन नावाचं अमिनो आम्ल या मुलांचं शरीर मोडू शकत नाही. ते रक्तात साठतं आणि मेंदूवर घाला घालतं. पुढे कळलं की मूळ एकाच जनुकाच्या दोषात आहे. म्हणजे नशीबच, नाही का? तुझ्या भाषेत विषय संपला.

संपला नाही. १९५० च्या दशकात आहारातून ते आम्ल कमी करून पाहिलं गेलं. आज अनेक देशांत बाळ जन्मलं की टाचेतून रक्ताचा थेंब घेतात. दोष सापडला तर पहिल्या आठवड्यांतच त्याचा आहार बदलतात आणि ते मूल चारचौघांसारखं वाढतं, शिकतं, कामाला लागतं. जनुक तेच. ताट बदललं. मेंदू वाचला. तुझा आळस याहून जास्त आनुवंशिक आहे का?

तू शेतकऱ्याच्या घरातला. तुला सातबारा वाचता येतो. सातवर काय असतं? जमीन कुणाची, किती, कुठली. ते वाडवडिलांकडून येतं, त्यात तुझं कर्तृत्व नाही. मुरमाड आली तर मुरमाड. आणि बारावर? त्या हंगामात काय पेरलं, किती पेरलं, किती पडीक टाकलं. जनुकं हा तुझा सात आहे. बाराचा रकाना कुणी भरायचा? आजोबांनी येऊन? तू वर्षानुवर्षं सात फडकवत फिरतोयस आणि बारावर 'पडीक' लिहिलेलं आहे.

पुढे चल. 'मी रात्रीचा प्राणी.' असशील. शरीराच्या घड्याळाची जनुकं असतात. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेंझर यांना फळमाशीत असे प्रकार सापडले, की एकीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा आणि तिसरीला घड्याळच नाही. त्याच जनुकाचा माग काढत गेलेल्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. काही माणसं जात्याच उशिरा झोपणारी असतात, विशेषतः तुझ्या वयात. सगळं कबूल. पण रात्री दोन वाजता तू काय करत असतोस? अभ्यास करत असतास तर घुबड म्हणून मी तुला हार घातला असता. तू डोळ्यांपुढे वीतभर अंतरावर उजेड धरून बसतोस. तो उजेड मेलाटोनिनला अडवतो आणि घड्याळ आणखी पुढे ढकलतो. म्हणजे घड्याळ तू रोज हाताने बिघडवतोस आणि सकाळी सांगतोस, बिघडलेलंच मिळालं होतं. फळमाशीला निदान मोबाइल नसतो.

आता तुझं लाडकं डोपामाइन. परवा ग्रंथालयात मी तुझ्या मागे उभी होते. पुस्तक उघडं, चेतापेशीतल्या विद्युतस्पंदाची आकृती समोर, पेन्सिल हातात. फोन पालथा. वाजला नव्हता. थरथरलाही नव्हता. तरी तू उलटा केलास. काहीच आलेलं नव्हतं. पुन्हा पालथा घातलास. परिच्छेद पहिल्यापासून वाचायला घेतलास. सोडियमच्या वाहिन्या उघडतात, मग बंद होतात, मग पोटॅशियम... तिथे जरा अवघड झालं. हात पुन्हा फोनवर. मी गेले तोवर त्या पानावर तू पेन्सिलीची एक रेघ ओढली नव्हतीस.

त्यावर तू म्हणशील, "तेच तर डोपामाइन, मॅडम." नीट आठव, तुलाच शिकवलंय. वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन पेशींची नोंद घेतली. आधी रसाचा थेंब मिळाला की पेशी चेतायच्या. मग रसाआधी दिवा लावायला सुरुवात केली. माकडाला खूण कळली, तशा पेशी रसाला नाही, दिव्यालाच चेतायला लागल्या. दिवा लागला आणि रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्या गप्प पडायच्या. यातून काय कळतं? डोपामाइन म्हणजे नुसती चैन नव्हे. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक ते मेंदूला कळवतं, आणि त्यावरून मेंदू शिकतो. तुझाही शिकतोय. उत्तम शिकतोय. पोटॅशियमपाशी अडलं की फोन, हा धडा तू त्याला दिवसभर गिरवायला लावतोस आणि तो पाठ करतो. तू ढ नाहीस. तू एका फालतू विषयात पहिला आलायस.

मेंदूतल्या रसायनामुळे वागणं खरोखर हातातून सुटतं का? सुटतं. पार्किन्सनच्या काही रुग्णांना डोपामाइनसारखं काम करणारी औषधं दिली, तेव्हा आयुष्यात पत्त्याला हात न लावलेली माणसं जुगाराच्या नादी लागली. औषध बदललं किंवा कमी केलं, तसं अनेकांचं वेड उतरलं. ते बिचारे खरे असहाय होते. तू कुठलं औषध घेतोस?

प्रीफ्रंटल कॉर्टेक्स? तो तर तुझा हुकमी एक्का. बरं. १३ सप्टेंबर १८४८, अमेरिकेतला व्हरमाँट प्रांत. रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना सुरुंग अवेळी उडाला आणि मीटरभराहून लांब, सहा किलो वजनाची लोखंडी पहार फिनिअस गेजच्या गालातून शिरून कवटी फोडून वर गेली. मेंदूचा पुढचा डावा भाग फाटला. माणूस जगला. पण बदलला. हा पूर्वीचा गेज नव्हेच, असं ओळखीचे म्हणू लागले. इथवर तू परीक्षेत लिहितोस. पुढचं का लिहीत नाहीस? तो पुढे चिलीत गेला आणि काही वर्षं त्याने घोडागाडी हाकली. सहा-सहा घोड्यांची, माणसांनी आणि सामानाने लादलेली. वेळेवर उठणं, घोडे जुंपणं, उतारू सांभाळणं, हे सगळं त्या फाटलेल्या मेंदूनिशी. अपघात झाला तेव्हा त्याचं वय किती होतं, माहीत आहे? २५. तू पंचविशीची वाट बघतोयस. पंचविसाव्या वाढदिवसाला मेंदूत कुणी नवीन यंत्र बसवून देत नाही. वाढ अजून चालू आहे म्हणजे काय? तर आज जे करशील ते त्या वाढीत मुरतंय. टंगळमंगळ केलीस तर टंगळमंगळ मुरेल. या वयात सवलत नाही, उलट जोखीम जास्त आहे.

तुझ्या मेंदूत एक खोड मात्र खरंच आहे, ती सांगते. माझ्यातही आहे. मायकेल गॅझानिगा आणि जोसेफ लेडू यांनी एका रुग्णावर प्रयोग केला. अपस्मारावरचा इलाज म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पूल कापलेला होता. डाव्या मेंदूला कोंबडीच्या पायाचं चित्र दाखवलं. उजव्याला बर्फाने वेढलेलं घर. मग समोरच्या चित्रांतून जुळणारी निवडायला सांगितली. उजव्या हाताने कोंबडी निवडली. डाव्या हाताने फावडं निवडलं, बर्फ उपसायला. आता विचारलं, फावडं का? बोलतो तो डावा मेंदू, आणि त्याने बर्फ पाहिलाच नव्हता. खरं उत्तर होतं, 'मला माहीत नाही.' तो काय म्हणाला? कोंबडीचा पाय आहे म्हणून कोंबडी, आणि खुराडं साफ करायला फावडं लागतं. अडखळला नाही, खोटं बोलतोय असं त्याला वाटलंही नाही. हात आधी चालला, कारण मागून तयार झालं, आणि ते त्याला मनापासून पटलं.

ओळखीचं वाटतं? हात फोनकडे आधी जातो. डोपामाइन मागून येतं. अंथरुणात तू आधी कूस बदलतोस, घड्याळाची जनुकं मागून येतात. आमच्या वर्गात बसून तू मेंदू शिकलास, आणि त्या सबबी पाडणाऱ्या कारखान्याला कच्चा माल पुरवलास. अडाणी माणसाची सबब फाटकी असते, लगेच उसवते. तुझीला नोबेलची झालर आहे. तुला ती सोडवत नाही यात नवल काय?

आणि ज्या विज्ञानामागे तू लपतोस, ते सगळ्यात ठासून काय सांगतं? मेंदू करण्याने बदलतो. १९५३ साली हेन्री मोलेसनच्या मेंदूतून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला. अपस्मार आटोक्यात आला, पण नवी आठवण राहणं बंद झालं. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला एक काम दिलं. कागदावर दुहेरी रेषेची चांदणी. त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण कागदाकडे न बघता, आरशात बघून. करून बघ एकदा. हात उलटाच जातो, कोपऱ्यावर अडकतो, रेषेबाहेर घसरतो. त्याचाही घसरला. पण रोज थोडा कमी. तीन दिवसांत हात सफाईने फिरू लागला. आणि दर दिवशी त्याला वाटत होतं की हे आपण पहिल्यांदाच करतोय. सराव केल्याची आठवण नाही, तरी सरावाचं फळ मिळालं. तुला तर सगळं आठवतं. मागच्या सेमिस्टरला काय ठरवलं होतंस, कितव्यांदा ठरवलं होतंस, तेसुद्धा. फक्त पेन्सिल फिरत नाही.

त्याला राहू दे, समुद्री गोगलगायीकडे ये. एरिक कँडेल यांना २००० साली नोबेल मिळालं, त्याच्या मुळाशी अ‍ॅप्लिसिया होती. उण्यापुऱ्या वीस हजार चेतापेशींचा जीव. हलका स्पर्श झाला की ती कल्ला आत ओढून घेते. स्पर्शाने काही बिघडत नाही, हे ती सरावाने शिकते. एका दिवसात सलग चाळीस वेळा शिकवलं, तर ते फार टिकत नाही. रोज दहा असं चार दिवस शिकवलं, तर आठवडे टिकतं. चाळीस ते चाळीसच. आदल्या रात्री डोळे ताणून चाळीस प्रश्न वाचणाऱ्या शहाण्या, गोगलगायीला समजलं ते तुला कधी समजणार? आणि कँडेल यांनी आणखी काय दाखवलं? दीर्घकाळ टिकणारी आठवण बनताना पेशीतली जनुकं चालू होतात, नवी प्रथिनं तयार होतात, नवे जोड फुटतात. वागण्याने जनुकं चालू होतात. पुन्हा वाच. जनुकं तुला चालवतात एवढंच तू ऐकलंस. तू जनुकांना चालवतोस, हे त्याच तासाला, त्याच फळ्यावर लिहिलं होतं. तेव्हा तू कुठे बघत होतास?

लंडनचे टॅक्सीवाले तर तुला पाठ आहेत. परवान्यासाठी शहरातले सुमारे २५ हजार रस्ते डोक्यात बसवावे लागतात, तीन-चार वर्षं जातात. एलिनॉर मॅग्वायर आणि कॅथरिन वूलेट यांनी ७९ उमेदवारांचे मेंदू सुरुवातीलाच तपासले. तेव्हा कुणात काही वेगळं दिसलं नाही. वर्षं गेली. ३९ जण पास झाले. पुन्हा तपासलं. हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढलेला दिसला तो फक्त पास झालेल्यांत. आणि त्यांनी नापासांपेक्षा आठवड्याला कितीतरी जास्त तास घातले होते. जात्याच काहींचा मेंदू जास्त घडणारा असेल, ही शक्यता संशोधकांनीही बोलून दाखवली. असेल. पण तुझा कुठल्या प्रकारचा, हे बसून घासल्याशिवाय तुला तरी कसं कळणार? तू निकाल आधी लावलास, परीक्षा दिलीच नाहीस.

थांब, शेवटचं हत्यार तुझ्याकडे शिल्लक आहे. "मॅडम, स्वेच्छा असं काही नसतंच. लिबेटने सिद्ध केलंय." केलं नाही. १९८३ सालच्या त्या प्रयोगात मनगट हलवायचं होतं. हलवण्याची इच्छा जाणवण्याच्या काही दशांश सेकंद आधीच मेंदूत तयारीची खूण उमटते, असं दिसलं. त्याच्या अर्थावर आजही वाद चालू आहे. आणि खुद्द लिबेटचं म्हणणं होतं की इच्छा जाणवल्यावर ती रोखायला थोडा अवकाश उरतो. ते तू गाळलंस. शिवाय मनगटाच्या झटक्यावरून सहा महिन्यांच्या आळसाचा निकाल लावायचा? मेंदूवैज्ञानिक रॉबर्ट सपोल्स्कीचं नाव घेशील. स्वेच्छा नाही असं तो म्हणतो, बरोबर. पण माणूस बदलत नाही, असं तोही म्हणत नाही. आणि समजा, सगळंच कारणांनी ठरतं. मग मी आत्ता ओरडतेय, तेही तुझ्या मेंदूत शिरणारं कारणच आहे ना? शिरू दे की आत. आजोबांची जनुकं चालतात, रीलचा उजेड चालतो, माझंच ओरडणं तेवढं कारणांत धरायचं नाही?

कारणं बदलता येतात, हाच तर साऱ्या प्रकरणाचा मुद्दा आहे. व्हिएतनाममध्ये दर पाचातला साधारण एक अमेरिकन सैनिक अफूजन्य नशेच्या आहारी गेला होता. परतल्यावर ही सगळी पोरं वाया जाणार, अशी धास्ती होती. ली रॉबिन्स यांनी १९७१ मध्ये परतलेल्यांचा माग घेतला. तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते जेमतेम ५ टक्के. मेंदू तोच होता. जागा, सोबत, हाताशी असणारा माल, सगळं बदललं होतं. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. अशा कामात रुग्णाला दोन गोष्टी एका दमात सांगाव्या लागतात: हा आजार आहे, तू वाईट माणूस नाहीस, आणि यातून बाहेर यायचं काम तुझ्यावाचून कुणी करणार नाही. ज्यांचा मेंदू खरोखर नशेने पोखरला, ती माणसं दोन्ही वाक्यं ऐकतात. तू पहिलं ऐकून उठून जातोस.

आता आवाज खाली आणते, कारण हे ओरडून सांगायचं नाही. रील बघून तू स्वतःला एडीएचडी लावून घेतलास. असूही शकेल. नैराश्य असू शकेल. ते खरे आजार आहेत आणि त्यांच्यावर खरे उपचार आहेत. तसं वाटत असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे जा. एकट्याला जड वाटत असेल तर मी सोबत येते, त्यात काही लाजायचं नाही. निदान फोनवर बोल, टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर त्यासाठीच आहे. पण एक बघून ठेव. खरोखर आजारी असलेली जी मुलं माझ्या वर्गात होती, ती आजार लपवायची, स्वतःला दोष देत बसायची आणि दुप्पट राबायची. तू आजार मिरवतोस आणि डॉक्टरकडे जात नाहीस. निदान नको, उपचार नको, नुसती चिठ्ठी हवी. त्या खऱ्या मुलांच्या नावावर तू सवलत लाटतोयस. याची तरी लाज वाटू दे.

तर ऐक. फोन ग्रंथालयाबाहेर, बॅगेत, काउंटरवर. पालथा नाही, बाहेर. रोज एक तास, एकाच जागी, एकाच वेळी. चाळीस पानं एका रात्रीत नकोत, रोजची दहा हवीत. रात्री अकराला उजेड बंद, सकाळची एसटी चुकवायची नाही. आईला आज घरी जाऊन सरळ शब्दांत सांग, चुकलं. ताणाचं, रागाचं, आजोबांचं नाव त्यात घ्यायचं नाही. आणि केटीचा फॉर्म अजून भरलेला नाहीस, मला माहीत आहे. तो भर.

हे वाचता वाचता तुझ्या आत एक वाक्य तयार झालंय. 'पण मॅडम...' असं सुरू होणारं. पुढचे शब्दही जुळत आलेत, आणि ते तुला मनापासून पटायलाही लागलेत. खुराडं आणि फावडं. तिथेच थांबव त्याला. पुरं होऊ देऊ नकोस.

थांबवता आलं? मग येतं तुला. ऊठ.